साडूचं ताक

आमच्या सासऱ्याला दोन मुली, मुलगा नव्हता. म्हणून त्यानं दोन्ही जावई जिंतूरजवळच्या आपल्या गावातच आणून ठेवले. थोरला माझा साडू, धाकटा मी. मेंढ्या एकत्र, शिवार एक आणि पिणंही एकाच शिंदीखान्यात. निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती, पण शिंदीखाना होता तिथंच होता. एकदा आम्ही दोघं बाजारात मेंढ्या विकायला निघालो आणि वाटेत तिथंच आडवे झालो. मेंढ्या चरत चरत आमच्या आधी घरी पोचल्या. गाव हसलं, सासरा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं खंडोबापुढं आम्हाला बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन धनगरानं शब्द दिला की तो शेवटचा. पण म्हाताऱ्यानं त्यातही डोकं चालवलं. ताट एकच ठेवलं. म्हणाला, "दोघांची आण एकच. एकानं मोडली तर दुसऱ्याची बी मोडली. आता ठिवा नजर एकमेकावर." साऱ्यांनी माना डोलावल्या. दोन साडू एका दाव्याला बांधले की काय होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझे हाल कुत्रं खाईना. अंगावरून मुंग्या चालल्यासारखं वाटे, घामानं घोंगडी भिजे, भाकरी तोंडात फिरत राही. पाण्याचा तांब्या उचलला की निम्मं पाणी छातीवर. कुणी खोकलं तरी मी त्याच्या अंगावर जाई. आणि साडू? साडू खुशाल होता. दोन वेळा जेवायचा, झाडाखाली घोरायचा, मेंढ्यांमागं गाणी म्हणायचा. खांद्याला पाण्याचा भोपळा, त्यात म्हणे ताक. ताकानं दारूची ओढ मरते, असं त्यानं गावभर सांगितलं होतं. माझी बायको मेव्हण्याच्या कौतुकानं आमच्याच घरचं ताक त्याला पोचवायची. वर मला ऐकवायची, "दाजींकडं बघा. त्यांनी बी सोडलीच ना? तुमचंच काय इतकं कुथणं चाललंय?"

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दारूची आठवण येत नव्हती इतकी मला साडूच्या झोपेची असूया वाटायची. मेंढ्या कातरायच्या दिवशी तर कहर झाला. त्याची कातर लोकरीतून सरसर चालली होती. माझ्या हाताखालची मेंढी दोनदा रक्ताळली. सासऱ्यानं माझ्या हातातली कातर काढून घेतली आणि साडूकडं दिली. त्या दिवसापासून मी खंडोबाकडं एकच मागणं मागू लागलो, की याचा पाय घसरू दे. तो घसरला तर त्याची अब्रू जाईल आणि मी सुटेन. माझ्या बाजूनं हा फार सोपा हिशोब होता.

पुढं एका दुपारी चुकलेलं कोकरू शोधत मी ओढ्याकडं गेलो. शिंदीच्या झाडांखाली साडू झोपला होता, भोपळा उशाशी. मला तहान लागली होती. बूच काढलं आणि वासानंच सगळं कळलं. शिंदीच्या झाडाची दारू पांढरीच असते. वरून आमच्या घरचं आंबट ताक ओतलं की कुणाला काय दिसणार? इतके दिवस मी तडफडत होतो आणि हा झोपत होता तो याच्या जोरावर. असा जळलो की हा भोपळा त्याच्या डोक्यात घालावा, असं वाटलं.

तो जागा झाला. आधी चपापला, मग हसला. "बघायलाव काय? आता तुमची बी मोडली, पाव्हणं. सासऱ्यांचंच बोलणं हाय. घ्या."

बोलणं खरं होतं. मी सुटलो होतो. वास नाकात शिरला होता, तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि ओढ्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी भोपळा तोंडाजवळ नेला. तेवढ्यात त्याचं हसू गेलं. तो माझ्या हाताकडं बघत होता. भोपळा काठोकाठ भरलेला होता, मी एका हातानं धरला होता, आणि थेंब सांडला नव्हता.

"हात थरथरायचे कवापासून थांबले तुमचे?" त्यानं विचारलं.

मलाच माहीत नव्हतं. पण मी म्हणालो, "झाले की लय दिवस."

 तो नुसता माझ्या हाताकडं बघत राहिला. ती नजर मला पुरती ओळखीची होती. कालपर्यंत ती माझी होती. कुणी माझ्यावर जळावं असं माझ्या आयुष्यात आजवर काही घडलं नव्हतं. मी बूच लावलं, भोपळा त्याच्याजवळ ठेवला आणि कोकरू शोधायला निघालो.

घरी बायकोनं विचारलं, "दाजी दिसले का?"

"दिसले. ताक पीत होते."

"बघा. शिका जरा त्यांच्याकडून."

मी हो म्हणालो आणि आणखी एक भाकरी मागितली. आण तर मोडलीच होती, माझ्यावर आता कुणाचंही बंधन नव्हतं. साडूनं माझ्याकडं तसंच बघत राहावं, एवढ्यासाठी मी पुन्हा प्यायलो नाही.