मारून बघितलेला सल्ला

"मारून बघितलं का?"

शेठजींचा एवढाच सवाल. आमच्या मोबाईलवरच्या गटात कुणी शहाणपण सांगायला लागलं की हा सवाल यायचा, न् सांगणारा गप व्हायचा.

गट पूलचा. पोहायचा न्हाई, हिरव्या कपड्याच्या टेबलावर काठीनं बॉल मारून भोकात पाडायचा. जिल्ह्यातले सगळे खेळणारे त्यात. शेठजी जालन्याचे लोखंडाचे व्यापारी, घरीच टेबल.

तुम्ही असल्या गटात असताल तर तुम्हाला ठाव हाय, विचारणारा एक न् सांगणारे पन्नास. बॉल वाकडा का जातो म्हणलं, की एक म्हणतो मनगट सैल सोड, दुसरा म्हणतो घट्ट धर, तिसरा म्हणतो काठीला लिंबू बांध. तो तिसरा मी.

मी टेंभुर्णीत भजे तळतो. शाळेशी आपलं जमलं न्हाई, म्हणून सल्ले बोलून पाठवायचो, कढईच्या चर्र आवाजासकट. खेळात मी असा, की पांढरा सोडून कोणताच बॉल पाडत न्हाई, न् पांढरा पाडणं हाच गुन्हा.

एकदा तीर्थपुरीच्या एकानं विचारलं, मधी दुसऱ्याचा बॉल आडवा आला तर काय करू. मी सांगितलं, काठी उभी धर न् वरून हाण, बॉल बेडकावाणी उडी मारतो. शेठजींचा सवाल आला. मला राग आला. तसाच नानाच्या शेडमधी गेलो. गावात टेबल एकच, नानाचं. व्हिडिओ काढायला मोबाईल माठाला टेकवला, काठी उभी धरली न् हाणली. बॉल जागचा हलला न्हाई. कपडा मात्र वीतभर फाटला.

नानानं चष्मा काढून बघितलं. म्हणला, "भजे तळून राह्यला होता तेच बरं होतं. आता टेबल काढतो न् इथं सोयाबीनचे पोते लावतो."

नाना चेष्टा करत न्हाई. टेबल गेलं असतं तर साऱ्या गावानं माझ्या नावानं बोटं मोडली असती, न् माझं भजं कुणी खाल्लं नसतं. मी गटावर गाऱ्हाणं टाकलं. सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणे सुताराचा गोंद लाव, कुणी म्हणे शिवून घे, केदारखेड्याचा पंक्चरवाला म्हणला, खालून पातळ कपडा सरकव न् ट्यूबचं सोल्युशन लाव.

शेठजींनी विचारलं, यातलं कुणी केलंय का. मंग ते म्हणले, "मला पण मालूम न्हाई. नानाला म्हणा, जल्दी करू नका."

गट निघाल्यापून 'मालूम न्हाई' हे कुणी पयल्यांदाच म्हणलं होतं.

दोन दिवसांनी त्यांचा व्हिडिओ आला. त्यांचं सोताचं टेबल, न् त्यावर ब्लेडनं मारलेले तीन चिरे. गोंद लावलेला पापडावाणी कडक झाल्ता. शिवलेल्यावर बॉल टुणकन उडत होता. तिसरा पंक्चरवाल्याच्या सोल्युशनचा, त्यावरून मात्र सरळ गेला. शेठजी म्हणले, "हे चालतंय. करा."

केलं. नानानं जोडावरून बॉल सोडला, बराबर गेला. नाना म्हणला, "पोते घरात ठेवतो. पण तू काठी धरशील तव्हा मी हजर पाहिजे."

मी गरम भजे घेऊन जालन्याला गेल्तो. दार शेठाणीबाईंनी उघडलं. "टेंभुर्णीचे भजेवाले तुम्हीच का? या, बघा. नवा कपडा होता, दिवाळीला घातला होता." मागं शेठजी मला बोलू नका म्हणून खुणावत होते.

"अगं, न बघता सांगितलं असतं तर त्या नानाचं टेबल गेलं असतं," ते हळूच म्हणले, न् माझ्या हातातलं भजं उचललं.

आता ते सुरतेला मुलाकडं राहतात. कुणी काही विचारलं तर म्हणतात, "इथं टेबल न्हाई. मला सांगता यायचं न्हाई."

म्हणून आता कुणी विचारलं की मीच शेडमधी जातो, मारतो न् जसं होईल तसं गटावर टाकतो. परवा बॉल टेबल सोडून नानाच्या चहात पडला. ते पण टाकलं.

थोड्या वेळानं सुरतेहून मोबाईलवर शेठजींचा आवाज आला. बोलणं काहीच न्हाई, निस्तं हसणं, ठसका लागोस्तर, न् मागून शेठाणीबाई इचारून राह्यल्या, अहो झालं काय. मी कढई खाली उतरवली न् ते हसणं पुन्हा लावलं.