लाँड्रीवाल्या काकूंची बॅटरी

लाँड्रीवाल्या काकूंनी जन्मभर दुसऱ्यांचे कपडे धुतले आणि त्या नवऱ्याच्या होडीत गप्प बसून राहिल्या. वल्ही त्यांच्या हातात कधी आलीच नाहीत. "तुला जमायचं नाही," नवरा म्हणायचा, आणि त्याच्या मते विषय तिथेच संपायचा. काकूंच्या मते तो संपला नव्हता. नवरा गेला, लाँड्री भाड्याने दिली आणि तळ्यावरची होडी तेवढी उरली, तेव्हा काकूंनी मुलापुढे जाहीर केलं, की आता होडी मी चालवणार, आणि एकटी चालवणार.

अडचण मनगटाची होती. इस्त्री फिरवून फिरवून ते कामातून गेलं होतं. ओझं सरळ लटकत धरलं तर काही म्हणायचं नाही, पण जरा वळवलं की कळ जायची. वल्हं मारणं शक्यच नव्हतं. म्हणून काकूंनी होडीच्या मागे लावायची छोटी विजेची मोटर घेतली. राहिली बॅटरी. ती मुलगा घेऊन आला. दुकानातली सगळ्यात दमदार, दिवसभर चालणारी, असं कौतुकाने सांगून त्याने ती दाराशी ठेवली आणि निघून गेला.

सकाळी काकूंनी तिच्या कड्या धरून जोर लावला. बॅटरी तसूभरही हलली नाही, कंबर मात्र हलली. त्यांनी मुलाला फोन लावला.

"अगं, तू कशाला उचलतेस?" तो म्हणाला. "मी येत जाईन की रविवारी."

आता काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लेक काही दुधखुळा नव्हता. आईला उचलता येणार नाही हे बघूनच त्याने ही धोंड दारात आणून ठेवली होती. बापाने वल्ही दिली नाहीत, लेकाने बॅटरी दिली, आणि परिणाम एकच. मायेने केलेली अडवणूक जास्त चिडवते, कारण तिच्यावर धड ओरडताही येत नाही.

भाजीवाल्याच्या हातगाडीवर घालून काकूंनी बॅटरी दुकानात परत नेली. त्यासाठी भाजीवाल्याचे पाय धरायचे तेवढे बाकी राहिले होते, याचाही राग होताच.

"काकू, बॅटरीत काही खोट आहे का?" दुकानदाराने विचारलं.

"खोट नाही. वजन आहे. मला उचलवेल अशी दाखवा."

त्याने गाडीची एक बॅटरी काढली, मग स्वतःच मागे सरकवली. "ही नको. ही गाडी सुरू होताना एकदम जोर लावते आणि मोकळी होते. मोटरला सावकाश, बराच वेळ वीज देणारी लागते." मग त्याने लिथियमची काढली. काकूंनी उचलली, दुकानात एक चक्कर मारली आणि किंमत ऐकून खाली ठेवली. तिच्यासाठी मुलापुढे हात पसरावा लागला असता, मग एवढा खटाटोप कशाला?

काकूंनी परत आणलेल्या बॅटरीकडे पाहिलं. लाँड्रीत असताना त्यांनी मोठं गाठोडं कधी एका हातात घेतलं नव्हतं. दोन करायची, दोन हातांत घ्यायची आणि ताठ चालायचं.

"हिच्याच जातीच्या लहान दोन आहेत का?"

"आहेत. पण दोन्ही एकाच कंपनीच्या, एकदमच घेतलेल्या हव्यात. प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडायचं. आणि चार्जिंग अर्ध्याच्या खाली उतरू द्यायचं नाही, म्हणजे टिकतील. एवढं करून दिवसभर नाही चालणार हो."

"दिवसभर जायचंय कुणाला? तळं केवढं ते."

दुकानदार हसला आणि त्याने मोठीच्या बदल्यात दोन लहान बॅटऱ्या बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी काकू दोन हातांत दोन पिशव्या घेऊन तळ्याकडे निघाल्या. दोनदा टेकल्या, पण पिशवी कुणाच्या हाती दिली नाही. धक्क्यावर मुलगा उभा होता. भाजीवाल्याने बातमी पोचवली असणार. तो पिशवी घ्यायला पुढे आला, तशी काकूंनी ती मागे घेतली.

काकू होडीत बसून बॅटऱ्या जोडू लागल्या. तेव्हा तो म्हणाला, "मुद्दामच आणली होती मी जड. बाबा गेल्यापासून तू मला कशालाच बोलावत नाहीस. वाटलं, निदान यासाठी तरी बोलावशील."

काकूंचा हात तारेवर थांबला. एवढा राग केला होता आणि आता तो ठेवायचा कुठे, ते त्यांना कळेना. पण त्या उठल्या नाहीत; राहिलेली तार त्यांनी जोडली.

"मला उचलता येऊ नये अशी आणण्यापेक्षा, तुला यायचंय असं सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "ये की. उद्या ये."

"आज?"

"आज मी एकटी जाणार."

त्यांनी दोर सोडला आणि मोटर सुरू केली.