नोंदीत नाव विशूचं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मग आजच काहून सांगतोय? खरं सांगू — माझं मलाच कळेना झालंय.

बीडला बसस्टँडमागं विशूचं नि माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची साधी वेबसाइट आम्हीच सांभाळायचो. विशू पुण्याहून व्हर्जन कंट्रोल शिकून आलेला, त्याचं त्याला लई कौतुक! केलेला प्रत्येक बदल जपून राहतो, करणाऱ्याच्या नावासकट; चुकलं तर मागचं जसंच्या तसं परत आणता येतं; आणि पुश केलं की नवं पान सगळ्यांना दिसतं. पण या कामाचा आमचा कॉम्प्युटर एकच, अन् त्यात नाव विशूचं भरलेलं. मी काही केलं तरी नोंद त्याच्याच नावानं व्हायची. बदलू, बदलू म्हणत ते राहूनच गेलं.

विशूचे मामा लिंबागणेशचे. त्यांच्या पोरीचं, सुजाताचं स्थळ साइटवर होतं. त्याआधी आमच्या घरून माझ्यासाठी तिला मागणी घातलेली — मामांनी सरळ नाही म्हटलं. हे मध्येच का सांगतोय? तेच तर... याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. देवाशपथ.

एका दुपारी दुसऱ्याच मुलीच्या नावापुढं 'लग्न जमले' असं लिहायचं होतं. मी ते सुजातापुढं लिहिलं आणि पुश केलं. घाई? की हात मुद्दामच तिकडं गेला? बरं, चूक म्हणू. पण पान उघडलं तेव्हा ती चूक मला दिसली की! मागं फिरवायला एक ओळ पुरली असती. मी कॉम्प्युटर बंद केला आणि चहाला गेलो.

लातूरचे पाहुणे रविवारी सुजाताला बघायला येणार होते. त्यांनी साइट पाहिली, 'जमलेली पोरगी दाखवता काय?' म्हणून चिडले आणि परस्पर दुसरीकडं सोयरीक केली. मामा दुकानात आले ते तणतणतच. विशूनं सगळ्या नोंदी उघडल्या. नाव त्याचंच. त्यानं त्या पुन्हा वरून खाली वाचल्या. मग म्हणाला, "मामा, माझ्याच हातनं झालं असंल. ध्यानात न्हाई बगा, पण नाव तर माझंच हाय."

स्वतःच्या आठवणीपेक्षा त्याचा त्या नोंदीवर जास्त विश्वास! मी शेजारीच बसलेलो. 'मी केलं' — एवढंच तर म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. भ्याड म्हणा, हरामखोर म्हणा. माझं स्वतःला तसं म्हणून झालंय.

मामांनी भाच्याशी नातं तोडलं. विशूच्या लग्नालाही आले नाहीत. अक्षता पडताना नवरदेवाच्या मागं मामा उभा लागतो. कुणीतरी विचारलं, मामा कुठंयत? विशूनं मान वळवली, मला शोधलं आणि म्हणाला, "तू उभा राह बे. तुज्याशिवाय कोण हाय मला?"

मी उभा राहिलो.