खिशात मावेल असं हत्यार

माझ्या आईनं सत्तराव्या वर्षी इंग्लंडमध्ये शस्त्राची चोरटी आयात केली, आणि तीही कुरडयांच्या डब्यातून. हे मी वाढवून सांगत नाहीये. वाढवून सांगायला लागले की तुम्हाला आपोआप कळेल, माझा आवाज चढतो.

आधी काय झालं ते सांगते. विमानातल्या प्रवाशांची जेवणं भरतात त्या किचनमध्ये मी काम करते. हाउन्सलोच्या आमच्या घरापासून ते पायी बावीस मिनिटांवर, आणि त्यातली सात मिनिटं कालव्याकाठच्या पायवाटेची. शिफ्ट सुटते पावणेपाचला, म्हणजे नोव्हेंबरात मिट्ट काळोखात. अशाच एका संध्याकाळी मागून एक सायकल आली, माझ्या खांद्यावरची पर्स तिच्याबरोबर गेली आणि मी चिखलात बसले. गुडघा नागपुरी संत्र्याएवढा सुजला. फोनवर सांगेपर्यंत त्याचं कलिंगड झालं होतं.

नवरा बर्फ लावत म्हणाला, "सोड ही नोकरी. मी कमावतोय ना."

या शेवटच्या तीन शब्दांनी जी कळ गेली, ती गुडघ्यात नव्हती. दोन मुलं शाळेला लावून, बारा वर्षांनी, मी स्वतःच्या पायावर चालत जाऊन ती नोकरी मिळवली होती. म्हटलं, "सोडणार नाही. त्याच वाटेनं जाईन, आणि पायीच जाईन."

"कशाच्या जोरावर?"

शेवटी तह झाला: ख्रिसमसपर्यंत मी काहीतरी उपाय शोधायचा, नाहीतर राजीनामा. तोवर तो रोज लॅपटॉप मिटून मला न्यायला येणार, आणि वाटभर माझ्याकडे काचेच्या बरणीकडे बघावं तसं बघणार.

टेक्सासहून धाकट्या दिरांचा फोन आला. त्यांनी नुकतंच शर्टाखाली लपवून बाळगायला आयुष्यातलं पहिलं पिस्तूल घेतलं होतं. रीतसर. त्यामुळे नव्या बापासारखे ते बोलतच सुटले.

"वहिनी, पहिलं घेताना लोक रुबाबासाठी मोठं धूड घेतात. आठ दिवसांत कंबर धरते आणि ते जातं कपाटात. कपाटातलं पिस्तूल चोराच्याच कामाचं."

"मग लहान घ्यायचं."

"तिथेच फसतात! फार लहान असलं की मुठीत बसत नाही आणि झटका जास्त देतं. दुकानात नुसतं बघून घेऊ नका. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन चार-पाच चालवून बघा. रोजच्या कपड्यांतून एका हातानं निघालं पाहिजे. आणि सराव. सराव नसेल तर खिशात दगड ठेवलेला बरा."

"भाऊजी, इथे पिस्तूल मिळत नाही हो."

पलीकडून त्यांनी दोनदा ‘काय?’ विचारलं, जणू मी म्हटलं होतं की इथे मीठ मिळत नाही.

खरं तर मिळत असतं तरी मी घेतलं नसतं. रागात माझ्या हातून आजवर दोन कढया आणि एक मिक्सरचं भांडं उडालंय. अशा बाईला घोडा ओढायला देऊ नये. पण त्यांचं बोलणं मी मनात नोंदवून ठेवलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला आई आली. डबा उघडून तिनं कुरडयांच्या खालून लिपस्टिकएवढी लाल बाटली काढली. "हे घे. आपल्या चौकातल्या मेडिकलमधून आणलं. तिखटाचा फवारा. डोळ्यात मारला की मेलाच समज."

मी हरखले. वजन नाही, मुठीत बसतं, कोटाच्या खिशात दिसत नाही. भाऊजींच्या सगळ्या परीक्षांत पहिला नंबर. चार दिवस मी अशी ताठ चालले की कालव्यातली बदकं उठून उभी राहत. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर बेनना बाटली दाखवली. या गुजराती बाई, तीस वर्षं याच किचनमध्ये. त्यांच्या हातातला ठेपला तसाच राहिला.

"अरे बेन, अंदर रख! यहाँ के कानून में यह पिस्तौल ही है!"

मला वाटलं, गंमत करतायत. घरी येऊन सरकारी वेबसाइट वाचली. डोळ्यांत मारायचा फवारा इथे बंदुकीच्याच कायद्यात बसतो. नुसता जवळ ठेवला तरी गुन्हा. आणि आमचा कायम राहण्याचा अर्ज दोन महिन्यांवर! नवऱ्यानं पोलिसांना फोन लावला. तिकडून सांगितलं, ते घेऊन घराबाहेर पडू नका, आम्ही येतो.

दोघं आले. सहा-सहा फुटांचे. ठीक आहे, एक होता पावणेसहाचा. आईनं त्यांना बसवून चहा आणि चिवडा दिला. एकानं हातमोजे घालून बाटली पिशवीत सील केली, तशी आई मध्ये पडली.

"नुसतं तिखट आहे न बाप्पा त्यात! असं काऊन करून राह्यले?"

मी इंग्रजीत माफी मागितली. पोलीस म्हणाला, तुम्ही स्वतःहून कळवलंत, या वेळी एवढ्यावरच सोडतो. पण स्वतःला वाचवायला म्हणून कुठलीच मारायची वस्तू बाळगू नका, सुरी नको, पेचकस नको. खिशात कर्कश वाजणारा अलार्म ठेवा. मग चिवड्यातली मिरची त्याच्या दाताखाली आली, आणि आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, त्या बाटलीशिवायही जमतं.

अलार्म! शस्त्र मागितलं आणि हातात खुळखुळा आला. नवरा म्हणाला, "झालं ना? आता राजीनामा."

"ख्रिसमसला अजून अकरा दिवस आहेत," मी म्हटलं.

मग मी भाऊजींच्या पद्धतीनं कामाला लागले. पाच अलार्म मागवले. एक नुसता मोठा, खिशातून बाहेर डोकावणारा: बाद. एक बदामाएवढा, हातमोजा घातल्यावर सापडेचना: बाद. एकाला बटण होतं, ते बसमध्ये आपोआप दाबलं गेलं आणि वरच्या मजल्यावरचे प्रवासी खाली उतरले: बाद. चौथ्याचा आवाज मांजरीच्या पिल्लाचा. पाचव्याला खटक्याची पिन. ओढली की सुरू, परत बसवल्याशिवाय बंद नाही. तो मुठीत बरोबर बसला. पहिल्यांदा ओढला तेव्हा हीथ्रोवर उतरू पाहणारं विमान परत वर गेलं, फ्रिजमधल्या दुधाचं दही झालं आणि शेजारचे आजोबा श्रवणयंत्र काढून हातात घेऊन दाराशी आले.

रोज संध्याकाळी दिवाणखान्यात सराव. नवरा उशी घेऊन चोर व्हायचा, आई सेकंद मोजायची. "हळू आहेस. जेवण वाढते आहेस का?" सातव्या दिवशी कोट, हातमोजे, छत्री, भाजीची पिशवी सगळं असतानाही दीड सेकंदात पिन बाहेर. त्या दिवशी मी जाहीर केलं, उद्या न्यायला येऊ नकोस.

तो आला नाही. म्हणजे निदान दिसला तरी नाही.

पायवाटेच्या मध्यावर मागून चाकांचा आवाज आला. मी कडेला झाले. चाकंही कडेला झाली आणि हळू झाली. घाबरले. खोटं कशाला सांगू? मी वळून वाटेच्या मधोमध उभी राहिले आणि पिन ओढली. सायकलवाला असा दचकला की हँडल सोडून दोन्ही हात कानांवर, मग वेडावाकडा वळून आला तसा गेला. तो चोर होता की घंटी बिघडलेला सज्जन, मला आजवर माहीत नाही. सज्जन असेल तर माझी माफी. पण मग हळू का झालास बाबा?

पिन मात्र चिखलात पडली. मोबाइलच्या उजेडात शोधली, सापडेना. मग काय, तशीच निघाले. रडणारं बाळ कडेवर घेतल्यासारखा तो अलार्म हातात, उरलेली वाट, पूल, बसस्टॉप, आमची गल्ली. खिडक्या उघडत होत्या, कुत्री भुंकत होती. मी कुणाकडे पाहिलं नाही की पळालेही नाही. बावीस मिनिटांची वाट त्या दिवशी मी तेवीस मिनिटांत चालले.

नवरा फाटकात उभा होता. तोंडाचा रंग उडालेला. त्यानं माझ्या हातून अलार्म घेतला, घरात नेऊन उशीत गुंडाळला, त्यावर बसला आणि आवाज जरा खाली आल्यावर विचारलं, "उद्या शिफ्ट किती वाजता आहे?"

"सकाळी साडेसातला," मी म्हटलं. "आणि पिन हरवलीय. दुसरा अलार्म मागव."