बुद्धाला गणित येत नाही म्हणणारे सर

माझी आई बुद्धाला नवस बोलली होती.

हसू नका. सत्तरच्या दशकातलं टेंभुर्णी. धम्म घेऊन वीसेक वर्षं होत आलेली, घरातले देव कधीच गेलेले. पण नवसाची सवय अशी जाते होय?

"पोरगी मॅट्रिक पास झाली तर विहारात पाच शेर पेढे वाटीन."

गणितात मी ढ. नापास झाले की लग्न. मुलगासुद्धा बघून ठेवलेला.

आमचे सर काल गेले, आणि सकाळपासून मला हेच सगळं आठवतंय.

सर आधी भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू होते. चीवर उतरवून, शर्ट-पँट घालून गावात परत आले, तेव्हा अर्धी वस्ती त्यांच्याशी बोलत नव्हती. ते आपले दर रविवारी विहारात पोरांचा लिहिण्या-वाचण्याचा क्लास घ्यायचे.

पुढच्या जन्माचं कुणी विचारलं की म्हणायचे, "मला म्हाईत न्हाई. या जन्मात तपासता येतं तेवढंच मी शिकवतो."

नवसाचं कळल्यावर थेट आमच्या दारात.

"ताई, बुद्धाला गणित येत न्हाई. मला येतं. उद्यापासून पोरीला धाडा."

आईचा चेहरा बघायला हवा होता!

मग रोज सकाळी शाळेआधी विहारात गणित. उदाहरण अडून मी रडकुंडीला आले की सर वही मिटायचे.

"काय होऊन राह्यलं?"

"भीती वाटून राह्यली."

"कुठं?"

"पोटात."

"बराबर. जरा तिच्याकडं बघत बस. पळू नको. मंग करू उदाहरण."

आता लोक याला माइंडफुलनेस म्हणतात. माझी ती गणिताची ट्यूशन होती.

निकालाचा पेपर जालन्याच्या एसटीनं आला. माझा नंबर सरांनीच शोधला, दोनदा बोट ठेवून बघितला आणि भर स्टँडवर चक्क उडी मारली. एकेकाळचे भंते, आणि उडी! लिहितानाही हसू फुटतंय.

आई पेढे आणायला निघाली. "बोललेला नवस हाय, फेडावा लागंल."

मला वाटलं, सर आता चिडणार.

"फेडा की. पण पेढ्यानं न्हाई. रविवारी पाटी घेऊन या."

चाळिशीची माझी आई पोरांच्यात पाटी घेऊन बसली. लाजत, चिडत, पण एक रविवार चुकवला नाही.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा फॉर्म आला. वडिलांनी पेन तिच्या हातात दिलं.

पालकाच्या जागी आईची सही. अंगठा नाही, सही.

सर, आम्हा दोघींचा शेवटचा जयभीम.