कप्तान दिगंत वारले, त्यांच्याबरोबर मीही

मी वारलो त्या दिवशी सकाळी आमच्याकडे नाश्त्याला इडल्या होत्या, आणि त्या मी नेहमीपेक्षा जरा जास्तच खाल्ल्या.

हे नीट समजायचं तर आधी आमच्या यानाबद्दल सांगायला हवं. मी नोकरीसाठी सांगलीहून बंगळुरात आलो आणि राजाजीनगरात घर केलं, त्याला आता एवढी वर्षं झाली की माझी मुलगी सई रागावली की कानडीतून रागावते. आमच्या मराठी मंडळात गणपतीत दर वर्षी नाटक होतं. इतर मंडळांत सासू-सुनांची नाटकं होतात, आमच्याकडे अंतराळातलं होतं. कारण मंडळातले निम्मे लोक सरकारी कारखान्यांत नाहीतर संशोधन संस्थांत. सासू-सुनेच्या भांडणात त्यांना तांत्रिक चुका काढता येत नाहीत, मग त्यांची करमणूक व्हायची कशी? म्हणून निवृत्त इंजिनियर कुलकर्णी अण्णांनी 'आकाशयान अरुंधती' लिहिलं. ते इतकं चाललं की दर वर्षी पुढचा भाग येऊ लागला. पहिल्या भागाच्या वेळी सई पाळण्यात होती. आता ती नोकरीला लागली, तरी यान अजून पृथ्वीवर परतायचंच आहे.

या यानाचा कप्तान दिगंत म्हणजे मी. चंदेरी रंग दिलेलं स्कूटरचं हेल्मेट, मोटारीच्या कव्हरच्या कापडाचा माधवीने, म्हणजे माझ्या बायकोने, शिवलेला अंतराळ-पोशाख आणि माझी स्वतःची मिशी. (हेल्मेटला काच नव्हती. काचेमुळे मिशी दिसत नाही, अशी प्रेक्षकांची तक्रार आली होती. मग हा माणूस अंतराळात श्वास कसा घेतो, असं एकानेही विचारलं नाही, आणि म्हणे शास्त्रज्ञ!)

प्रत्येक भागाचा शेवट ठरलेला. यानाचं इंजिन बंद पडतं, सगळे उपाय थकतात. मग कप्तान प्रेक्षकांकडे वळून हाक देतो, "गणपती बाप्पा..." आणि सगळं सभागृह "मोरया" म्हणून गर्जतं. त्या आवाजाच्या ऊर्जेवर यान उडतं. पहिला मोरया नेहमी पहिल्या रांगेतून यायचा, शकूअक्कांचा. शकूअक्का याच गावात जन्मलेल्या, मंडळात वयाने सगळ्यात मोठ्या, आणि कप्तान दिगंतच्या सगळ्यात कट्टर चाहत्या. त्या रस्त्यात भेटल्या तरी मला "काय कप्तान" अशीच हाक मारत. माझं खरं नाव त्यांना माहीत असावं, असं मला वाटत नाही.

मग एका वर्षी मात्र घात झाला. उल्कापातातून पृथ्वी वाचवायला मी खाली वाकलो आणि पोशाख मागून कमरेपासून खालपर्यंत उसवला. पृथ्वी वाचली, पण पुढचे कित्येक दिवस मंडळात चर्चा पृथ्वीची नव्हती. पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी अण्णा घरी आले. कॉफीचा पेला खाली ठेवून त्यांनी सांगितलं की या भागात दिगंत वीरमरण पत्करणार आणि यानाला नवा कप्तान मिळणार. मी विचारलं, कोण? अण्णांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सईकडे बोट दाखवलं.

मला अभिमान वाटला. अगदी मनापासून वाटला. आणि त्याच्या मागोमाग इतकं वाईट वाटलं की कॉफी गार झाली तरी प्यायलो नाही. सई मात्र नाचतच होती. लहानपणापासून ती विंगेत बसून माझे संवाद माझ्याबरोबर पुटपुटायची. तिने मला विचारलं, "अप्पा, लोक मला मोरया देतील ना?" मी म्हटलं, न द्यायला काय झालं?

न द्यायला बरंच काही झालं. बातमी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि आग लागली. कप्तान म्हणजे मिशी, हा पहिला आक्षेप. एकाने तोडगा सुचवला की सईला मिशी लावा. पुण्याहून नुकतेच आलेले आयटीतले लोक, ज्यांनी जेमतेम एकच भाग पाहिला होता, ते परंपरेची सर्वांत जास्त काळजी करू लागले. एक गृहस्थ निषेध म्हणून ग्रुप सोडून गेले. (संध्याकाळी परत आले. महाप्रसादाची वेळ ग्रुपवरच कळते.) शेवटी शकूअक्कांनी बहिष्कार जाहीर केला. बहिष्कार असा, की पहिल्या रांगेने यायचं, बसायचं, नाटक पूर्ण बघायचं, प्रसाद घ्यायचा, पण मोरया म्हणायचा नाही. थोडक्यात, यान उडू द्यायचं नाही.

सईचा चेहरा उतरला. मी तिची समजूत घातली, शकूअक्कांना फोन करून "अहो, पोरगी आहे, सांभाळून घ्या" असंही म्हणालो. पण खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर आरशासमोर उभा राहून मी मिशीवरून हात फिरवला. माधवीने ते पाहिलं आणि ती म्हणाली, "अहो, तुमचं दुःख जरा लपवा, फार खुश दिसतंय."

त्याच खुशीत मी अण्णांकडे एक मागणी केली. दिगंत जाणारच असेल तर त्याला निरोप दणक्यात हवा, नाक्यावर फलक हवा. अण्णा म्हणाले, तुम्हीच करून घ्या. मी चामराजपेटेत एका छपाईवाल्याकडे गेलो. फोटो कुठला द्यायचा? हेल्मेटमधले सगळे फोटो मला जाड दाखवणारे होते. म्हणून मी कारखान्यातल्या सत्काराचा दिला: कोट, कपाळाला गंध, गंभीर मुद्रा, मिशी सुरेख. छपाईवाल्याने सवयीने फोटोला हार घातला आणि दोन्ही बाजूंना समया लावल्या. मला त्या फार शोभून दिसल्या, मी त्या मोठ्या करायला लावल्या. वर मजकूर होता, 'आकाशयान अरुंधतीचे कप्तान दिगंत यांना', आणि खाली ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

नाटकाच्या दिवशी पहाटे मंडळाच्या लोकांनी फलक आमच्या नाक्यावर लावला, आणि वरची ओळ बरोब्बर झाडाच्या फांदीआड गेली. उरलो मी, समया आणि श्रद्धांजली. 'भावपूर्ण श्रद्धांजली' कानडीतही असंच म्हणतात, आणि नागरी लिपी इथे बहुतेकांना वाचता येते. त्यामुळे गल्लीत समजायचं कोणी बाकी राहिलं नाही. फक्त मी राहिलो होतो, कारण मी रजा काढून घरात इडल्या खात होतो.

त्यातच शकूअक्का आपल्या रांगेसह आल्या. पांढऱ्या साड्या नेसून, पिठलं-भाताचे डबे घेऊन. ज्या घरी कोणी गेलं असेल तिथे चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो. आणि कप्तान आमच्याच घरचा होता. निषेध असा रीतसर करतात! त्यांनी मला सतरंजीवर बसवलं आणि स्वतः डोळ्याला पदर लावून बसल्या. मला गहिवरून आलं. भाताबरोबर कांदा असता तर बरं, असं वाटलं, पण ते बोलायची वेळ नव्हती.

पायऱ्यांवर शेजारच्या रत्नाक्का उभ्या होत्या. त्यांनी फलक पाहिला होता, आता पांढऱ्या साड्या आणि डबे पाहिले. त्या "अय्यो देवरे" म्हणत माधवीच्या गळ्यात पडल्या आणि रडू लागल्या. माधवीला वाटलं, यासुद्धा नाटकाच्या चाहत्या! तीही भरल्या आवाजात म्हणाली की जाऊ दे अक्का, पोशाख शिवून शिवून मी थकले होते. रत्नाक्का दचकून एक पाऊल मागे सरकल्या.

तेवढ्यात बोम्मसंद्र्याहून, म्हणजे माझ्या कारखान्यातून, पुष्पचक्र आलं. आमची कारखान्याची बस सकाळी याच नाक्यावरून जाते. बसमधल्या सगळ्यांनी मला समयांमध्ये पाहिलं होतं. अर्धा दिवस रजा काढून आमचं अख्खं खातं साहेबांसह दारात उभं होतं. साहेबांनी खालच्या आवाजात शकूअक्कांना विचारलं, हे कसं झालं? अक्कांनी अस्खलित कानडीत सांगितलं की सगळं अण्णांनी ठरवून केलं, आम्हाला ते मुळीच मान्य नाही, आणि पुढच्या वर्षी आम्ही त्यांना परत आणायला लावणार आहोत. साहेब पुष्पचक्र छातीशी धरून बघतच राहिले. तेव्हा मी हाताला लागलेलं पिठलं पुसत आतून आलो आणि म्हणालो, "या साहेब, बसा."

साहेब बसले. ते जमिनीवर बसले, कारण पायांनी त्यांना तेवढाच वेळ दिला.

सगळा उलगडा करून कॉफ्या होतात न होतात तोच सई रडत आली. मंडपात गुरुजींनी तिला अडवलं होतं. त्यांनीही येताना फलक वाचला होता. घरी सुतक असताना मुलीने गणपतीसमोर पाऊल ठेवायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. वडील जिवंत आहेत असं ती परोपरीने सांगत होती, पण गुरुजी म्हणाले, धक्क्याने असं होतं बाळ. मी होतो तसा, पट्ट्यापट्ट्याच्या लुंगीत धावत सुटलो. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मान वळवून नाक्यावरच्या फलकाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "फोटोत बरे दिसता," ते म्हणाले आणि सईला आत सोडलं.

 परतताना सई फाटकापाशी थांबून म्हणाली, "अप्पा, आज सगळे तुमच्यासाठीच आलेत. माझ्यासाठी कोण येणार?" तिच्या या प्रश्नाने दिवसभरात पहिल्यांदा मला खरंच मेल्यासारखं झालं. सकाळपासून मी माझ्याच मयताला मिरवत होतो, आणि पोरगी एकटी पडली होती.

संध्याकाळी सभागृह भरलं. मागे आमचं खातं बसलं. (अर्धा दिवस रजा काढलीच होती, आणि पुष्पचक्र परत घेत नाहीत.) त्यांच्या शेजारी रत्नाक्का. पुढे शकूअक्कांची रांग, हाताची घडी, ओठ घट्ट. पहिल्याच प्रवेशात दिगंत वारला आणि मी चादरीखाली आडवा झालो. पार्थिव पृथ्वीवर न्यायचं असल्यामुळे मला शेवटपर्यंत रंगमंचावरच पडून राहायचं होतं. अण्णांनी फक्त एक सूचना दिली होती: "हलू नका."

चादरीखालून मी सईला ऐकत होतो. ती माझ्यासारखी गर्जत नव्हती. हळू बोलायची, मध्येच खट्याळपणे थांबायची, आणि मागच्या रांगा हसायच्या. माझ्या कारकिर्दीत लोक पोशाख उसवल्यावरच हसले होते. पोरगी माझ्याहून चांगली होती! मला इतका आनंद झाला की चादर ओली झाली. (थोडा घामही होता.)

मग इंजिन बंद पडलं. सई पुढे आली. तिने हात उंचावला आणि हाक दिली, "गणपती बाप्पा..."

शांतता. पहिल्या रांगेतून हूं नाही की चूं नाही, आणि पहिल्या रांगेआधी म्हणायची पद्धत नाही म्हणून मागचेही गप्प. नुसता पंख्याचा आवाज. सईचा हात तसाच वर राहिलेला मला चादरीच्या विणीतून दिसला. मी काही ठरवलं नाही. बापाच्या पोटातून ते आपोआप आलं. मी ताडकन उठून बसलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मोरया!"

प्रेत बोलल्यावर सभागृहात जे होतं ते झालं. मागे साहेब किंचाळले, मला मेलेला उठताना बघायची त्यांची एका दिवसात ही दुसरी वेळ. विंगेत अण्णांनी कपाळावर हात मारला. सई वळली. क्षणभर माझ्याकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि अगदी घरच्या सुरात म्हणाली,

"अप्पा, स्वल्प गप्प पडा. तुम्ही वारलाय."

सगळ्यात आधी शकूअक्का हसल्या. चष्मा काढून, पोट धरून हसल्या, आणि त्यांच्या मागून रांगाच्या रांगा कोसळल्या. टाळ्या थांबेनात. मी आज्ञाधारकपणे पुन्हा आडवा झालो आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. हसू ओसरेपर्यंत सई थांबली, मग तिने पुन्हा हात उंचावला. या वेळी पहिला मोरया शकूअक्कांचाच होता, आणि यान असं उडालं की त्याचा एक पुठ्ठ्याचा खोका प्रेक्षकांत गेला.

नाटक संपल्यावर शकूअक्का मागे आल्या. त्यांनी सईची अलाबला घेतली आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, कप्तान. पुढच्या वर्षी लवकर तालमी सुरू करा." मी शेजारीच उभा होतो. जुना चाहतावर्ग आहे, काहीतरी बोलतील, म्हणून मी मिशी सारखी केली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, सईला विचारलं, "हे तुझे वडील का? छान." आणि प्रसादाला गेल्या.

यंदाच्या भागातही अण्णांनी मला काम दिलं आहे. यानाच्या भिंतीवर दिवंगत कप्तानाची तसबीर हवी होती, तेव्हा तोच फलक कापून, समयांसकट, तिथे लावणार आहेत. परवा रंगीत तालमीला मी उत्साहाने विचारलं, "कसा वाटतोय मी?" अण्णांनी लांबून, जवळून, दिवे लावून, दिवे घालवून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. फक्त अभिनय जरा जास्त होतोय."