फ्रिज, बूटी आणि राजीनामा

शिकवणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. त्यात माझा विषयच आगाऊ! मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून जयपूरला आले आणि इथल्या एका मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवू लागले. पिक्चर, कॅसेटी, कॅलेंडरं, जाहिराती यांतून गेल्या पन्नास वर्षांचा समाज वाचायचा, हा माझा पेपर. आमचे विभागप्रमुख माथुरसर त्याला 'टाइमपास पेपर' म्हणतात.

मराठी मंडळींच्या हळदीकुंकवातही तेच. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "म्हणजे तू पिक्चर बघायचा पगार घेतेस?"

"तुम्ही नाही का, लोकांच्या जिभा बघायचा घेत?" मी म्हटलं. वाण मात्र त्यांनी दिलं.

*

एकदा मुलींना घरातलं जुनं काहीतरी आणायला सांगितलं. मुरलीपुऱ्याच्या पिंकीने आईवडिलांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली. मांडवाच्या मधोमध हार घातलेला फ्रिज, आणि कॅमेरा काही केल्या तिथून हलेना. पोरी खिदळत होत्या. तेवढ्यात पिंकी हळूच म्हणाली, "मॅम, मम्मी से ज़्यादा तो फ्रिज दिख रहा है."

नेमके तेव्हाच माथुरसर डोकावले. हे काय चाललंय म्हणाले.

"दहेज का चैप्टर, सर," मी म्हटलं.

आल्या पावली परत गेले.

*

मग सांगानेरला गेलो, कापडावर ठसे छापणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. मुलींनी विचारलं, घर कधी बांधलंत? साल काही त्यांना आठवेना. मग एका ठशावरच्या बारीक फुलावर, त्यांच्या बूटीवर, बोट ठेवून म्हणाले, एका हिरोइनने पिक्चरमध्ये ही बूटी नेसली, त्या वर्षी आमच्या अख्ख्या गल्लीत घरांवर पक्की छतं चढली.

मुलींनी ते जसंच्या तसं प्रोजेक्टमध्ये लिहिलं. माथुरसरांनी लाल पेनने शेरा मारला, 'अविश्वसनीय स्रोत'. माझं डोकंच फिरलं! सगळ्या प्रोजेक्टना मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

*

मग व्हायचं तेच झालं. माथुरसरांनी तक्रार केली, पेपर बंद करा. प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. पेपरचं नाव राहू दे, म्हणाल्या, पण आत राजेमहाराजे आणि सनावळ्या शिकवा. कॅसेटी नकोत, फ्रिज नको. शेवटी अगदी गोड आवाजात, "राजीनामा कर लीजिए, मैडम."

राजीनामा! स्टाफरूममध्ये बसून डोळे पुसले आणि कागद ओढला. एकच ओळ लिहिली, 'मैं राजीनामा कदापि नहीं करूँगी.' खाली सही ठोकली आणि ऑफिसातल्या हेडक्लार्क रेखाजींच्या टेबलावर कागद ठेवला.

रेखाजींनी वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाल्या, एवढं कडक कशाला? माथुरजींशी मिटवून घ्या, इतकंच तर प्रिन्सिपल मॅडम म्हणतायत.

"पर वो तो मुझे निकाल रही हैं!"

"अरे नहीं मैडम, नौकरी छोड़ना तो इस्तीफ़ा हुआ. राजीनामा मतलब सुलह."

म्हणजे समेट! मी कपाळावर हात मारला. रेखाजी पोट धरधरून हसल्या. मग त्यांनीच कागद माझ्याकडे सरकवला, नवा लिहून द्या म्हणाल्या.

मी तो हातात घेतला. माझ्या मराठीत एकदा वाचला, त्यांच्या हिंदीत एकदा वाचला.

आणि होता तसाच परत दिला.